निविदांच्या सूचना आपोआप मिळवायच्या तर पानावर नको, नोंदीवर नजर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एका लहान कार्यालयातून कंत्राटदारांसाठी रोज सकाळी पंधरा सरकारी संकेतस्थळं उघडून नव्या निविदा, दरपत्रकं आणि शुद्धिपत्रकं शोधावी लागतात. त्यासाठी एनएटएन (n8n) या कामं आपोआप करून देणाऱ्या साधनावर वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या टप्प्यांची साखळी, बांधला आहे : दर तासाला पान आणायचं, मागच्या पानाशी ताडायचं आणि फरक दिसला की टेलिग्रामवर निरोप पाठवायचा. आता तीन स्थळांवरून दर तासाला खोटे निरोप येतात आणि दोन स्थळांवरून महिनाभरात एकही आलेला नाही. शिवाय वेबवरचा शोधही असाच आपोआप व्हायला हवा आहे.

खोटे निरोप आणि शांतता या दोन वेगळ्या तक्रारी दिसतात, पण दोन्हींचं मूळ बरंचसं एकच आहे. वर्कफ्लो पान बदललं का ते पाहतो. तुम्हाला मात्र आधी न पाहिलेली नोंद आली का, हे हवं आहे. सरकारी पान तर जवळजवळ प्रत्येक वेळी बदलतं. तळाशी ‘एकूण दर्शक, आजचे दर्शक’ असा आकडा असतो, शेजारी अद्ययावत केल्याची तारीख असते. पान जुन्या एएसपी डॉट नेटवर असेल तर त्यात व्ह्यूस्टेट नावाची लांबलचक लपलेली अक्षरमाळ असते. काही पानांत दर भेटीला नवं सुरक्षा टोकन येतं. यातलं एक अक्षर हललं तरी पानाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, बदलतो आणि तुमचा फोन वाजतो.

पान ताडण्याची पद्धत सरसकट टाकाऊ नाही. एखादं पान म्हणजे एकच मजकूर असेल, जसं की दरसूचीचं पान किंवा नोंदणीच्या अटींचं पान, तर तिथे तीच योग्य आहे. त्यासाठी वर्कफ्लोचा खटाटोपही नको. चेंजडिटेक्शन हे मुक्तस्रोत साधन डॉकरवर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारी व्यवस्था) बसवता येतं, पानाचा नेमका भाग सिलेक्टरने, म्हणजे त्या भागाच्या खुणेने, निवडता येतो, नको त्या ओळी वगळता येतात. व्हिज्युअलपिंग आणि डिस्टिल ही तयार साधनंही साधारण हेच काम करतात. निविदांचं पान ही यादी असते, आणि यादीला वेगळी वागणूक लागते.

काही बांधण्याआधी प्रत्येक स्थळ हाताने तपासा. ब्राउझरमध्ये कंट्रोल-यू दाबून पानाचा मूळ स्रोत उघडा आणि पडद्यावर दिसणाऱ्या एखाद्या निविदेचं शीर्षक त्यात शोधा. सापडलं तर पान मागवणारा एचटीटीपी रिक्वेस्ट नोड (वर्कफ्लोतल्या एका टप्प्याला नोड म्हणतात) पुरेसा आहे. नाही सापडलं तर यादी नंतर जावास्क्रिप्टने भरली जाते. अशा वेळी एफ-१२ दाबून नेटवर्क टॅबमध्ये ‘फेच/एक्सएचआर’ निवडा आणि पान पुन्हा लोड करा. बहुतेकदा एखादी जेसन (माहिती रकानेवार पाठवण्याचा साचा) विनंती दिसते, तिच्या उत्तरात सगळी यादी स्वच्छ रकान्यांत असते. मग पान विसरून थेट तोच पत्ता मागवायचा. तसं काहीच नसेल तरच पूर्ण ब्राउझर चालवणारा मार्ग घ्या, कारण तो जड आहे आणि सर्वांत जास्त वेळा मोडतो.

यादी हाती आली की प्रत्येक नोंदीला ओळख द्यायची. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. प्रत्येक स्थळावर विचारा : या नोंदीत असं काय आहे, जे कधीच बदलणार नाही? शासन निर्णयांना सांकेतांक असतो. निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदातही तो छापतात, त्यामुळे तिथे विचारच करायला नको. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावरच्या निविदेला स्वतःचा आयडी असतो : आधी वर्ष, मग विभागाचं लघुरूप, मग क्रमांक, मध्ये अंडरस्कोर. तिथे लिंक ही ओळख म्हणून कधीही धरू नका. त्या लिंका सत्राशी बांधलेल्या असतात आणि दर भेटीला वेगळ्या दिसतात. लिंकवर ओळख बांधली तर प्रत्येक जुनी निविदा दर तासाला नवी ठरेल. तुमच्या तीन गोंगाटी स्थळांपैकी एखाद्याचं दुखणं हेच असणार.

जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळांवर उलट परिस्थिती आहे. त्यांपैकी बहुतेक राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एसथ्रीवास या एकाच चौकटीवर उभी आहेत. निविदा, भरती, घोषणा या विभागांत सारखंच कोष्टक असतं : शीर्षक, वर्णन, प्रारंभ तारीख, शेवटची तारीख, संचिका. त्यामुळे साताऱ्यासाठी लिहिलेला सिलेक्टर सांगली, कोल्हापूर, पुण्यालाही सहसा तसाच चालतो. तिथे पीडीएफचा पत्ता ही चांगली ओळख आहे, कारण नवी फाइल चढवली की नवा पत्ता मिळतो. मुदत संपली की नोंद ‘संग्रह’ विभागात जाते. यादीतून नोंद गायब होणं तिथे रोजचंच आहे, ती बातमी नाही.

नगरपालिका आणि पंचायतींच्या काही स्थळांवर ना क्रमांक असतो, ना धड लिंक. तिथे स्थळाचं नाव, शीर्षक आणि प्रारंभ तारीख जोडून क्रिप्टो नोडने एसएचए-२५६ हॅश काढा आणि तोच ओळखक्रमांक माना. शेवटची तारीख त्यात घालू नका. ती मुदतवाढीत बदलते आणि मुदतवाढ मिळालेली जुनी निविदा नवी म्हणून येते.

हॅशआधी मजकूर धुऊन घ्यावा लागतो. मराठीत इथे एक खास खड्डा आहे. ‘बंधाऱ्याची दुरुस्ती’ यातला ऱ्य संगणकात दोन प्रकारे लिहिलेला असतो. कुठे स्वतंत्र ऱ अक्षर आणि हलन्त, तर कुठे साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. कारकून बदलला किंवा टंकलेखनाची पद्धत बदलली की तेच शीर्षक नवं ठरतं. एडिट फील्ड्स नोडमध्ये हा क्रम ठेवा : आधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या सांकेतिक रूपांचं एक रूप करणं), मग ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’, मग उरलेले अदृश्य जोडक-विजोडक काढणं, शेवटी न तुटणाऱ्या आणि दुहेरी रिकाम्या जागांची एकच साधी जागा. क्रम उलटा केला आणि जोडक आधी काढले तर ऱ्य ओळखायची खूणच नाहीशी होते. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचंही एकच रूप करून घ्या. तारखा वाचताना आधी दिवस, मग महिना असा साचा स्पष्ट लिहा, नाहीतर पाच जूनचं सहा मे होतं.

आता पाहिलेल्या नोंदींची आठवण. एनएटएनच्या रिमूव्ह डुप्लिकेट्स नोडमध्ये आधीच्या फेऱ्यांत आलेल्या नोंदी गाळायची सोय आहे आणि साध्या कामाला ती पुरते. तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही. तो नोड नोंद पाहिल्याची खूण आधीच करतो. पुढे टेलिग्रामचा टप्पा फसला तर ती नोंद पुन्हा येत नाही आणि कंत्राटदाराची निविदा हुकते. त्यापेक्षा गूगल शीटवर कार्यालयात असते तशी आवक नोंदवही ठेवा. रकाने असे : ओळखक्रमांक, स्थळ, शीर्षक, लिंक, शेवटची तारीख, प्रथम दिसल्याची वेळ आणि स्थिती. नवी नोंद आधी ‘पाठवायचं’ या स्थितीत लिहायची, मग निरोप पाठवायचा, तो गेल्यावरच स्थिती ‘पाठवलं’ करायची. पुढच्या फेरीत सुरुवातीलाच अडकलेल्या ‘पाठवायचं’ ओळी उचलायच्या. यात क्वचित एखादा निरोप दोनदा जाईल, पण हरवणार नाही. निविदांच्या कामात हा सौदा परवडतो.

ताडण्यासाठी कम्पेअर डेटासेट्स नोड वापरा. एका बाजूला पानावरून आलेली यादी, दुसऱ्या बाजूला नोंदवहीतल्या फक्त त्याच स्थळाच्या ओळी. स्थळाची गाळणी विसरलात तर बाकी चौदा स्थळांच्या नोंदी गायब झाल्यासारख्या दिसतील. जुळणी ओळखक्रमांकावर करा आणि वगळायच्या रकान्यांत स्थिती, प्रथम दिसल्याची वेळ आणि लिंक हे टाका. या नोडला चार वाटा फुटतात. ‘फक्त पहिल्यात’ म्हणजे नवी निविदा. ‘वेगळं’ म्हणजे ओळख तीच पण शेवटची तारीख किंवा शीर्षक बदललं, म्हणजेच मुदतवाढ किंवा शुद्धिपत्रक. त्याचा निरोप वेगळ्या शीर्षकाखाली पाठवा आणि नोंदवहीतली ओळही लगेच सुधारा, नाहीतर तीच मुदतवाढ दर फेरीला कळवली जाईल. ‘सारखं’ आणि ‘फक्त दुसऱ्यात’ या वाटा मोकळ्या सोडा.

इथे एनएटएनची एक खोड माहीत हवी. नोड येणाऱ्या प्रत्येक नोंदीसाठी एकदा चालतो. यादीत चाळीस ओळी असतील आणि त्यांच्यामागे शीट वाचायचा नोड लावला तर शीट चाळीस वेळा वाचली जाते. गूगल शीट्सची मर्यादा एका वापरकर्त्याला मिनिटाला ६० वाचनांची आहे, म्हणजे दुसऱ्याच स्थळाला चूक येते. त्या नोडच्या सेटिंगमध्ये ‘एक्झिक्यूट वन्स’ सुरू करा.

पहिली फेरी मुकी ठेवा. नोंदवही रिकामी असताना प्रत्येक जुनी निविदा नवीच असते. पहिल्यांदा सगळ्या ओळी थेट ‘पाठवलं’ म्हणून भरायच्या. नवीन स्थळ जोडतानाही हेच करायचं, म्हणून पंधरा स्थळांच्या यादीची वेगळी शीट ठेवा आणि तिच्यावर ‘नवं स्थळ : होय/नाही’ असा रकाना असू द्या.

न बोलणाऱ्या दोन स्थळांकडे येऊ. पहिली शक्यता अशी, की सिलेक्टरला काहीच सापडत नाही. एनएटएनमध्ये एखाद्या नोडमधून शून्य नोंदी बाहेर पडल्या तर पुढचे नोड चालतच नाहीत आणि फेरी हिरव्या रंगात यशस्वी दिसते. नवीन काही आलं नाही आणि मला काही वाचताच आलं नाही, या दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात. म्हणून त्या नोडवर ‘ऑलवेज आउटपुट डेटा’ सुरू करा आणि लगेच पुढे इफ नोड लावा : आलेली नोंद रिकामी असेल तर ही चूक आहे. दोनशे हा ‘ठीक आहे’ सांगणारा स्थितीक्रमांक आला म्हणून समाधान मानू नका. ‘संकेतस्थळ देखभालीसाठी बंद आहे’ हे पानही बरेचदा दोनशेनेच येतं.

दुसरी शक्यता तुमचा वर्कफ्लो कुठे चालतो यावर आहे, आणि ते प्रश्नात लिहिलेलं नाही. एनएटएनची स्वतःची क्लाउड सेवा युरोपात चालते. भारतातली अनेक सरकारी स्थळं परदेशी आयपीला (संगणकाच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) दार उघडत नाहीत. कधी ४०३ (प्रवेश नाही) मिळतो, कधी नुसता वेळ संपतो. घरच्या ब्राउझरमध्ये मात्र तेच पान झटकन उघडतं, आणि माणूस सिलेक्टरशी झगडत बसतो. तसं असेल तर मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर घ्या, किंवा कार्यालयातल्या सतत चालू असणाऱ्या संगणकावर डॉकरमध्ये एनएटएन चालवा.

तिसरी शक्यता प्रमाणपत्राची. काही स्थळं सुरक्षा प्रमाणपत्राची साखळी अर्धवट पाठवतात. ब्राउझर उरलेला दुवा स्वतः शोधून घेतो, एचटीटीपी रिक्वेस्ट नोड अडतो. ‘इग्नोर एसएसएल इश्यूज’ हा पर्याय तिथे चालतो, पण फक्त सार्वजनिक सूचना वाचण्यापुरता. जिथे नाव-पासवर्ड टाकायचा आहे तिथे त्याला हात लावू नका.

स्वतःच्या सर्व्हरवर एनएटएन असेल तर वेळेचा विभागही बघा. मूळ सेटिंग न्यूयॉर्कचं असतं. सकाळी नऊची फेरी आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला किंवा साडेसातला चालते. विभाग आशिया/कोलकाता करा. दर तासाला फेरीची गरज नाही. सकाळी साडेनऊ, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सात एवढं पुरे. नेमक्या तासाच्या ठोक्याऐवजी सात-आठ मिनिटं मागेपुढे ठेवा, तेव्हा सर्व्हरवर गर्दी कमी असते. दोन स्थळांमध्ये दहा सेकंदांचा थांबा, साठ सेकंदांची वेळमर्यादा, तीन प्रयत्न, आणि चूक आली तरी पुढचं स्थळ चालू राहील अशी सोय ठेवा. ४२९ (फार जास्त विनंत्या) आला तर फेऱ्या कमी करा. एखादी फेरी पूर्ण बुडाली तरी यादी जागेवर असते आणि पुढची फेरी तिथलं उचलते, त्यामुळे दहा-दहा वेळा धडका मारण्यात अर्थ नाही.

रोज संध्याकाळी एक निरोप मात्र काहीही नवीन नसलं तरी यायलाच हवा : पंधरापैकी किती स्थळं वाचली, कुठे शून्य ओळी मिळाल्या, कुठे चूक आली. तो निरोप आला नाही म्हणजे वर्कफ्लो किंवा सर्व्हरच बंद पडला आहे.

टेलिग्रामच्या टप्प्यावर एक चूक हमखास भेटते. नोड मजकूर मार्कडाउन (चिन्हांनी अक्षरं ठळक-तिरपी करायची पद्धत) समजतो आणि निविदेच्या आयडीतल्या अंडरस्कोरला तिरप्या अक्षरांची सुरुवात मानतो. जोडी जुळली नाही की ‘मजकूर वाचता येत नाही’ अशा अर्थाची चूक येऊन निरोप जातच नाही. पार्स मोड एचटीएमएल करा. नवीन नोंदी एकेक न पाठवता स्थळवार गठ्ठा करून पाठवा. एका निरोपाला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे आणि गटात मिनिटाला वीसपेक्षा जास्त निरोप अडतात. खाली चिकटणारी एनएटएनची जाहिरात ओळही सेटिंगमधून बंद होते.

शब्दांची गाळणी लावायची का? दिवसाला वीस-तीसच नवीन नोंदी येत असतील तर लावू नका. अनेक ठिकाणी शीर्षक नुसतं ‘जाहीर सूचना’ असतं आणि सगळं पीडीएफच्या पोटात. लावायचीच असेल तर नको असलेलं वगळणारी लावा. शब्द पूर्ण न घेता मूळ घ्या : ‘रस्ता’ शोधलं तर ‘रस्त्याचे डांबरीकरण’ सुटतं, म्हणून ‘रस्त’. ‘बंधारा’च्या बाबतीत ‘बंधार’ चालत नाही, कारण ‘बंधाऱ्या’मध्ये अक्षरच वेगळं आहे. तिथे ‘बंधा’ घ्या. शुद्धिपत्रकाची ह्रस्व-दीर्घ आणि द्ध-ध्द अशी किमान चार रूपं सापडतील, ती सगळी यादीत टाका. पीडीएफमधला मजकूर काढायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये मजकूरच नसतो, आणि जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा बाहेर पडतो. लिंक पाठवा, फाइल माणूस उघडेल.

वेबवरचा शोध हे वेगळं जाळं आहे. त्याला वेगळा वर्कफ्लो द्या आणि त्याच्याकडून ताजेपणाची अपेक्षा ठेवू नका. शोधयंत्राला पान सापडेपर्यंत काही दिवस जाऊ शकतात, अल्पमुदतीची निविदा तोवर संपते. त्याचा खरा उपयोग तुमच्या पंधरा स्थळांबाहेरचं काही सापडण्यासाठी आहे : एखाद्या साखर कारखान्याची, कृषी उत्पन्न बाजार समितीची, शिक्षण संस्थेची सूचना. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे गूगल अलर्ट्स, ईमेलऐवजी आरएसएस फीड (नव्या नोंदींची प्रोग्रॅमला वाचता येणारी यादी) निवडून. एनएटएनचा आरएसएस ट्रिगर ते थेट वाचतो. त्या लिंका गूगलच्या वळणाने येतात, खरा पत्ता आत दडलेला असतो. तो बाहेर काढा, शेवटी माग काढण्यासाठी जोडलेली चिन्हं आणि तिरकी रेघ काढून टाका, मग ओळखक्रमांक करा.

अलर्ट्स अपुरे पडले तर शोधाची एपीआय (प्रोग्रॅमने थेट विचारता येणारी) सेवा लागते : ब्रेव्ह, सर्पर, टॅव्हिली अशा काही आहेत. जुन्या व्हिडिओंमध्ये बिंगची एपीआय दाखवतात, ती मायक्रोसॉफ्टने ११ ऑगस्ट २०२५ रोजी बंद केली. अशी उलथापालथ पुन्हा होईल हे धरून शोधाचा टप्पा वेगळ्या उप-वर्कफ्लोत ठेवा आणि त्यातून फक्त शीर्षक, लिंक, उतारा एवढंच बाहेर द्या. सेवा बदलली तर एकच जागा बदलावी लागेल. तारखेची मर्यादा चोवीस तासांची न ठेवता आठवड्याची ठेवा आणि पुनरावृत्ती नोंदवहीला गाळू द्या. निकालांचा क्रम रोज हलतो, एखादी लिंक आज दिसते, उद्या जाते, परवा परत येते. म्हणून शोधातल्या ओळी नोंदवहीतून कधीच पुसू नका.

एआय नोड जोडायचा मोह होईल. बदल झाला का, नोंद नवीन आहे का, हे त्याला विचारू नका. तेच पान दोनदा दाखवलं तर दोन उत्तरं येऊ शकतात. नवी ठरलेली नोंद बांधकाम, पुरवठा, मनुष्यबळ की इतर, एवढं ठरवायला तो ठीक आहे. उत्तर या चार शब्दांपैकीच एक असावं असं बंधन घाला आणि शेवटची तारीख त्याच्याकडून कधीही घेऊ नका.

महाटेंडर्सच्या शोधपानावर कॅप्चा (भेट देणारा माणूसच आहे ना, हे तपासणारं कोडं) आहे. तो फोडायच्या वाटेला जाऊ नका, त्या पानावर स्वयंचलित भेटी नकोत हाच त्याचा अर्थ आहे. मुखपृष्ठावर ताज्या निविदांची आणि शुद्धिपत्रकांची छोटी यादी असते, ती वाचता येते. पण ती राज्यभराची आहे आणि गर्दीच्या दिवशी नोंदी भराभर खाली सरकून निघून जातात. त्यामुळे या एका स्थळासाठी कामाच्या वेळेत अर्ध्या तासाला फेरी ठेवा, आणि दिवसातून एकदा विभागवार शोध माणसाने हाताने करायचा, असंच वेळापत्रकात लिहून ठेवा.

बांधणीची सुरुवात सातारा जिल्ह्याच्या निविदा पानापासून करा. ते एक स्थळ आठवडाभर खोट्या निरोपाशिवाय चाललं की सिलेक्टर आणि ओळखीचा नियम वर्कफ्लोतून काढून स्थळांच्या शीटवर रकान्यांत न्या. त्यानंतर शेजारचे जिल्हे जोडणं म्हणजे शीटवर एकेक ओळ वाढवणं एवढंच उरतं. व्ह्यूस्टेटवाली आणि जावास्क्रिप्टवाली पानं सर्वांत शेवटी घ्या.